एका शब्दाची पुल रिक्वेस्ट: झुलिपच्या डॉक्युमेंटेशनमधल्या छोट्या चुका कशा दुरुस्त कराव्यात

डॉक्युमेंटेशन ज्यांनी लिहिलेलं असतं त्यांनाच त्यातल्या चुका सहसा दिसत नाहीत. उत्तर आधीच माहीत असल्यामुळे त्यांची नजर ओळींवरून घसरत जाते. चूक सापडते ती पहिल्यांदा सर्व्हर उभा करणाऱ्याला, पानावर सांगितलेलं बटण पाच मिनिटं शोधून वैतागलेल्याला. म्हणजे नवख्याला. ओपन सोर्समध्ये हात घालायचा असेल तर ही नवखेपणाची महिना-दोन महिन्यांची मुदत वाया घालवू नका, कारण एकदा सरावलात की तुम्हालाही त्या चुका दिसेनाशा होतात.

उदाहरणासाठी मी झुलिप घेतो. झुलिप हा संस्था आणि गट यांच्यासाठीचा ओपन सोर्स चॅट प्रोग्रॅम. २०१२ मध्ये त्याची सुरुवात झाली, २०१४ मध्ये ड्रॉपबॉक्सने तो विकत घेतला आणि २०१५ मध्ये अपाची परवान्याखाली कोड सर्वांसाठी खुला झाला. चॅनलमधली बोलणी त्यात टॉपिकनुसार वेगवेगळी राहतात, हे त्याचं वैशिष्ट्य. गूगल समर ऑफ कोड या नवख्यांना मानधनावर ओपन सोर्सचं काम देणाऱ्या उपक्रमात तो २०१६ पासून असल्यामुळे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या कानावर हे नाव पडलेलं असतं. मी तो निवडला त्याचं कारण साधं आहे: डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे "माझा हा बदल घ्या" अशी प्रकल्पाला केलेली विनंती, कशी पाठवायची याचे नियम नीट लिहून ठेवलेले आहेत. हीच पद्धत थोड्याफार फरकाने मॅटरमोस्ट, रॉकेट डॉट चॅट किंवा एलिमेंट या दुसऱ्या चॅट प्रोग्रॅमनाही चालेल.

आधी ठरवा: ही चूक आहे की तुमची आवड?

मेलेली लिंक ही चूक. बटणाचं नाव अ‍ॅपमध्ये बदललं आणि पानावर जुनंच राहिलं, ही चूक. कमांडमध्ये एक डॅश कमी, एखादी पायरी गळलेली, एकच शब्द लागोपाठ दोनदा छापलेला, या सगळ्या चुका. "हे वाक्य मी असं लिहिलं असतं" ही चूक नव्हे. शाळेत आपण ब्रिटिश स्पेलिंग शिकलो, झुलिपचं डॉक्युमेंटेशन अमेरिकन स्पेलिंगने चालतं; 'कलर'मध्ये 'यू' घालायची पुल रिक्वेस्ट पाठवलीत तर ती बंद होईल आणि ते योग्यच असेल.

याबाबत सांभाळून राहायला कारण आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, हॅक्टोबरफेस्ट ही ओपन सोर्सला हातभार लावायची महिनाभराची मोहीम चालू असताना, जगभरच्या प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. फुकट टी-शर्टसाठी लोक रीडमी फाइलीत एखादं विशेषण घुसडून पाठवत होते. आयोजक डिजिटलओशनला महिना सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी आपणहून होकार दिलाय त्यांच्याच पुल रिक्वेस्ट धरायचं ठरलं. तेव्हापासून डॉक्युमेंटेशनमधल्या एका शब्दाच्या बदलाकडे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, जरा संशयानेच बघतात. त्यांना दोष देता येत नाही. तुमचा बदल खरा असेल तर तो खरा आहे हे दाखवायची जबाबदारी तुमची.

आणि कृपा करून सगळं डॉक्युमेंटेशन एखाद्या एआयला खिलवून त्याने काढलेल्या 'सुधारणा' पाठवू नका. झुलिपच्या योगदान-नियमांत एआयबद्दल स्पष्ट अपेक्षा लिहिलेल्या आहेत. त्यांचं सार इतकंच की जे पाठवता ते तुम्हाला स्वतःला समजलेलं असलं पाहिजे.

पान कुठे राहतं?

इथे नवखे हमखास चुकतात. झुलिपचं डॉक्युमेंटेशन एका जागी नाही, त्याचे तीन भाग आहेत आणि तिन्ही गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरच्या मुख्य झुलिप रेपोतच, म्हणजे कोडच्या भांडारातच, आहेत.

पहिला भाग सर्व्हर चालवणारे आणि डेव्हलपर यांच्यासाठी. तो रीड द डॉक्स या साइटवर दिसतो आणि रेपोतल्या 'डॉक्स' फोल्डरमध्ये मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिलेला आहे. पानाचा पत्ता आणि फाइलचा पत्ता एकमेकांशी जुळतात. पत्त्यात 'प्रॉडक्शन' आणि मग 'अपग्रेड' असेल, तर फाइलसुद्धा 'डॉक्स'मधल्या 'प्रॉडक्शन' फोल्डरमधली 'अपग्रेड'. इथे शोधायला काही कष्ट नाहीत.

दुसरा भाग हेल्प सेंटर, म्हणजे रोज चॅट वापरणाऱ्यांसाठीची मदत. इथे एक गंमत आहे. "सेटिंग्ज उघडा", "चॅनलवर राइट क्लिक करा" अशा पायऱ्या डझनावारी पानांवर लागतात, म्हणून त्या एकदाच लहानशा वेगळ्या फाइलींत लिहून पानांमध्ये ओढून घेतलेल्या असतात. त्यामुळे ज्या पानावर चूक दिसली त्या पानाच्या फाइलीत ते वाक्य सापडेलच असं नाही. सोपा उपाय: वाक्यातले चार-पाच सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून रेपोमध्ये शोधा. सामायिक फाइल सापडली की ती आणखी कुठल्या पानांत वापरली आहे तेही बघा, कारण तुमचा बदल त्या सगळ्या पानांवर उमटणार. एका पानासाठी बरोबर असलेलं वाक्य दुसऱ्या पानावर चुकीचं ठरू शकतं.

तिसरा भाग एपीआयचा, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमना झुलिपशी बोलता यावं यासाठीच्या सोयीचा. त्यातली पॅरामीटरची वर्णनं एका भल्यामोठ्या यामल फाइलीतून येतात. ती फाइल केवळ डॉक्युमेंटेशन नाही, कोडच्या आपोआप होणाऱ्या टेस्टसुद्धा तिच्यावर चालतात. तिथे एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी टेस्ट फेल होते. पहिला बदल म्हणून हा भाग टाळा.

अ‍ॅपमधल्या मराठी किंवा इतर भाषांतरांतली चूक हा वेगळाच विषय. भाषांतराच्या फाइली रेपोत दिसल्या तरी हाताने बदलायच्या नसतात; त्याची वाट 'डॉक्स'मधल्या भाषांतराच्या विभागात दिलेली आहे.

कोणी आधीच दुरुस्त केलीय का?

रीड द डॉक्सवर एकाच पानाच्या अनेक आवृत्त्या असतात: 'स्टेबल', 'लेटेस्ट' आणि जुन्या क्रमांकांच्या. सर्च इंजिनवरून आलात तर कुठल्या आवृत्तीवर उतरलात हे कळत नाही. म्हणून चूक 'लेटेस्ट'मध्ये आहे का ते बघा, आणि मग गिटहबवर 'मेन' ब्रँचमधली, म्हणजे कोडच्या मुख्य शाखेतली, फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. तिथे चूक नसेल तर काम संपलं. त्याबरोबर उघड्या पुल रिक्वेस्टमध्येही एकदा शोधा. ठळक टायपो असेल तर तो तुमच्याआधी दुसऱ्या कोणाला तरी दिसलेला असायची शक्यता बरीच.

इतक्या लहान गोष्टीसाठी वेगळा इश्यू, म्हणजे चुकीची नोंद, उघडायची गरज नसते. मात्र आधीच असलेल्या इश्यूवर काम करणार असाल तर तो आपल्या नावावर करून घ्या. झुलिपमध्ये हे काम झुलिपबॉट नावाचा बॉट करतो: इश्यूखाली त्याला उद्देशून 'क्लेम' असं लिहायचं. नवख्याला एका वेळी एकच इश्यू मिळतो. जमणार नसेल तर 'अबँडन' लिहून मोकळा करा. अडवून ठेवलेला इश्यू कोणाच्याच कामाचा नसतो.

खरं काय आहे ते तपासा

बदल एका शब्दाचा असतो, पण सगळी मेहनत या पायरीत आहे. एक उदाहरण जवळून बघू.

२०२४ मध्ये आलेल्या झुलिप ९.० मध्ये 'स्ट्रीम' या शब्दाच्या जागी 'चॅनल' आला. अ‍ॅपमध्ये बदलला, हेल्प सेंटरमध्ये बदलला. त्याआधी 'प्रायव्हेट मेसेज'चं असंच 'डायरेक्ट मेसेज' झालं होतं. आता समजा, डेव्हलपरसाठीच्या एखाद्या पानावर तुम्हाला अजून 'स्ट्रीम' दिसला. हात शिवशिवतात: सगळीकडे शोधा आणि बदला, दोन मिनिटांचं काम, वर साठ ओळींची पुल रिक्वेस्ट.

थांबा. तो शब्द कशाबद्दल आहे?

वापरणाऱ्याला पडद्यावर जे दिसतं त्याबद्दल असेल तर 'चॅनल' हवं. ही खरी राहून गेलेली चूक. पण डेटाबेसमधल्या मॉडेलचं नाव आजही 'स्ट्रीम'च आहे. एपीआयमधला 'स्ट्रीम आयडी' हा पॅरामीटर त्याच नावाने चालतो, कारण तो बदलला तर जगभरातले बॉट आणि इंटिग्रेशन एका रात्रीत बंद पडतील. त्या नावाबद्दल वाक्य असेल तर 'स्ट्रीम' बरोबर आहे, आणि तुमची 'दुरुस्ती' वाचून कोणीतरी कोडमध्ये नसलेलं नाव शोधत बसेल. तिसरी शक्यता चेंजलॉगची. जुन्या आवृत्तीत काय झालं हे सांगताना त्या काळचंच नाव राहायला हवं; इतिहासाची फाइल आजच्या शब्दांत पुन्हा लिहायची नसते.

हे ओळखायच्या खुणा आहेत. शब्द कोडच्या अक्षरांत, म्हणजे बॅकटिकच्या (`) जोडीत असेल तर तो बहुधा कोडमधलं खरं नाव आहे. रेपोत शोधून खात्री करा. शब्द साध्या वाक्यात असेल तर त्या ओळीवर 'ब्लेम' उघडा. नाव भांडखोर आहे, पण काम चांगलं: ती ओळ शेवटची कोणी, केव्हा आणि कुठल्या कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, बदलली ते दिसतं. नामांतराच्या मोठ्या कमिटने आजूबाजूच्या ओळी बदलल्या आणि हीच सोडली असेल, तर ती मुद्दाम सोडली का हे त्या कमिटच्या संदेशात बहुतेक वेळा सापडतं.

बटणांच्या नावांची तपासणी याहून सोपी. झुलिपची हेल्प पानं बटणांची आणि सेटिंगची नावं ठळक अक्षरांत, अ‍ॅपमध्ये आहेत तशीच्या तशी लिहितात. अ‍ॅप उघडा, पायऱ्या स्वतः चालून बघा, नाव अक्षर न् अक्षर जुळवा. फक्त भाषा इंग्रजी ठेवून बघा, आणि तुमचा सर्व्हर जुना असेल तर झुलिपच्या स्वतःच्या डेव्हलपमेंट कम्युनिटीच्या सर्व्हरवर बघा. तिथे बऱ्यापैकी ताजा कोड चालत असतो.

कमांड असेल तर ती चालवून बघितल्याशिवाय दुरुस्त करू नका. चालवण्याची सोय नसेल तर पुल रिक्वेस्टऐवजी प्रश्न विचारा. डेव्हलपमेंट कम्युनिटीत 'न्यू मेंबर्स' नावाचं चॅनल आहे, तिथे स्वतंत्र टॉपिक उघडून पानाची लिंक आणि शंका टाका. असा प्रश्न हेही योगदानच आहे. पुष्कळदा त्याच धाग्यात कोणीतरी "बरोबर आहे, पाठव पुल रिक्वेस्ट" म्हणतं.

बदल करा

एका ओळीच्या बदलासाठी झुलिपचं पूर्ण डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट उभं करायची गरज नाही. ते जड आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ बसवण्यापासून सुरुवात होते. ब्राउझरमध्येच काम भागतं.

गिटहबवर लॉगिन करा, फाइल उघडा, उजवीकडच्या पेन्सिलवर क्लिक करा. रेपो तुमचा नसल्याने गिटहब आधी फोर्क, म्हणजे रेपोची स्वतःची प्रत, करायला सांगेल, करा. मग ओळ बदला आणि 'कमिट चेंजेस' दाबा. कमिटचा संदेश भरून 'प्रपोज चेंजेस' म्हटलं की तुमच्या फोर्कमध्ये एक नवी ब्रँच तयार होते आणि डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींमधला फरक, समोर येतो.

या डिफकडे पुल रिक्वेस्ट उघडण्याआधी दोन मिनिटं बघा. बदललेली ओळ एक असेल तर लाल ओळ एक आणि हिरवी ओळ एक, इतकंच दिसायला हवं. स्वतःच्या मशीनवर एडिटरमध्ये काम करत असाल तर सेव्ह करताना फाइल आपोआप फॉरमॅट करण्याची सोय बंद ठेवा. नाहीतर एक स्वल्पविराम बदलायला जाल आणि तीनशे ओळी हललेल्या दिसतील. असा डिफ तपासणं म्हणजे गव्हातला खडा शोधणं. कोणी तो उघडणारसुद्धा नाही.

एका गोष्टीकडे मात्र विशेष लक्ष द्या: शीर्षकं. पानाच्या आतल्या शीर्षकावरून त्या भागाचा लिंकमधला पत्ता आपोआप बनतो. शीर्षकातला टायपो सुधारलात की तो पत्ताही बदलतो, आणि दुसऱ्या पानांवरून, कधी कोडमधून, त्या भागाकडे येणाऱ्या लिंका तुटतात. तेव्हा जुना पत्ता रेपोमध्ये शोधा आणि जिथे जिथे असेल तिथे त्याच कमिटमध्ये बदला. बाहेरच्या जगातल्या लिंका तुमच्या हातात नाहीत, म्हणून शीर्षकातली चूक खरंच तेवढी खुपणारी आहे का, हा विचार आधी करा.

कमिटचा संदेश

झुलिपमध्ये कमिटच्या संदेशाबद्दल काटेकोरपणा आहे, आणि तो तपासायला गिटलिंट नावाचं अवजार ठेवलंय. रचना ठरलेली: आधी भागाचं नाव, मग कोलन, मग कॅपिटल अक्षराने सुरू होणारं आज्ञार्थी वाक्य, शेवटी पूर्णविराम. लिहायचं अर्थात इंग्रजीतच, पण उच्चाराने सांगायचं तर: "डॉक्स: फिक्स ब्रोकन लिंक इन अपग्रेड गाइड." 'फिक्स्ड' नाही, 'फिक्सिंग' नाही. गिटहब आपणहून 'अपडेट' आणि फाइलचं नाव असा संदेश सुचवतं, तो तसाच ठेवू नका.

बदलामागचं कारण ओळीवरून कळत नसेल तर एक ओळ मोकळी सोडून खाली दोन वाक्यांत लिहा. निव्वळ टायपोला त्याचीही गरज नाही.

एका कमिटमध्ये एकच विचार. तीन पानांवर एकच जुनं नाव राहिलं असेल तर एक कमिट. एक मेलेली लिंक आणि एक चुकलेली कमांड असेल तर दोन. म्हणजे कमांडबद्दल वाद झाला तरी लिंकची दुरुस्ती अडून राहत नाही.

ईमेलचंही बघा. कमिटमध्ये तुमचा पत्ता कायमचा नोंदला जातो. खासगी पत्ता द्यायचा नसेल तर गिटहबच्या सेटिंगमध्ये तो लपवून त्याऐवजी गिटहबचा नो-रिप्लाय पत्ता वापरायची सोय आहे, आणि ती पहिल्या कमिटच्या आधी चालू करायची असते.

पुल रिक्वेस्ट

पुल रिक्वेस्ट उघडताना एक तयार नमुना समोर येतो, त्यात स्वतःच तपासायची यादी असते. ती पुसून टाकू नका. सगळे चौकोन डोळे मिटून टिकही करू नका. जे लागू आहेत तेच करा.

वर्णनात तीन गोष्टी पुरतात. पानावर काय लिहिलंय, खरं काय आहे, आणि ते तुम्ही कसं तपासलं. "अमुक पानावरची लिंक ४०४ देते, हे पान अमुक कमिटमध्ये तमुक फोल्डरमध्ये हलवलं गेलं, नवी लिंक उघडून बघितली." एवढं वाचलं की तपासणाऱ्याचं काम अर्ध्या मिनिटात होतं. इश्यू असेल तर 'फिक्सेस' आणि त्याचा क्रमांक लिहा, म्हणजे मर्ज होताच, अर्थात बदल मुख्य कोडमध्ये मिसळला जाताच, इश्यू आपोआप बंद होतो.

'रिस्पेक्टेड सर'ने सुरुवात करायचं कारण नाही. 'काइंडली मर्ज अ‍ॅट द अर्लिएस्ट' हे तर नकोच. समोरची व्यक्ती 'सर' आहे की 'मॅडम' हेही आपल्याला माहीत नसतं, आणि तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. लहान वाक्यं लिहा.

पुल रिक्वेस्ट उघडल्यावर खाली तपासण्या 'थांबलेल्या' दिसतील. पहिल्यांदाच योगदान देणाऱ्याच्या तपासण्या मेंटेनरने परवानगी दिल्यावरच सुरू होतात, ती गिटहबची व्यवस्था आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. पुढे त्यातली एखादी लाल झाली तर तिच्यावर क्लिक करून लॉग वाचा. डॉक्युमेंटेशनच्या बदलात बहुतेक वेळा लिंटरची, म्हणजे लिहिण्याचे नियम तपासणाऱ्या अवजाराची, तक्रार असते, आणि कुठल्या ओळीत काय खटकलं ते तो सांगतो.

रिव्ह्यू

मग वाट बघायची. झुलिपच्या मुख्य मंडळींपैकी बरेचजण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असतात, म्हणजे आपण ऋतूप्रमाणे साडेबारा किंवा साडेतेरा तास पुढे. तुम्ही जेवून कॉम्प्युटर बंद करता तेव्हा त्यांची सकाळ उजाडत असते. एका दिवसात उत्तर आलं नाही म्हणून 'एनी अपडेट?' लिहू नका. आठवडाभर शांतता राहिली तर एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही.

बदल सुचवला गेला तर नवख्यांची गाडी इथे अडते. ब्राउझरमध्ये पुन्हा पेन्सिल दाबून दुरुस्ती केली की दुसरा कमिट तयार होतो, मग तिसरा, आणि "रिव्ह्यूप्रमाणे बदल केले" अशा कमिटांची माळ लागते. झुलिपला ही माळ नको असते. शेवटी इतिहासात एकच स्वच्छ कमिट राहायला हवा. त्यासाठी फोर्क आपल्या मशीनवर क्लोन करा, आपल्या ब्रँचवर जा, फाइल दुरुस्त करा आणि नवा कमिट न करता आधीच्याच कमिटला गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'अमेंड' पर्यायाने बदला. माळ आधीच लागली असेल तर इंटरॅक्टिव्ह रीबेसमध्ये खालचे कमिट 'फिक्सअप' म्हणून पहिल्यात मिसळा. दोन्ही प्रकारांत इतिहास बदलतो, म्हणून साधा पुश, म्हणजे बदल गिटहबवर पाठवणं, नाकारला जातो आणि फोर्स पुश करावा लागतो. स्वतःच्या फोर्कमधल्या स्वतःच्या ब्रँचवर फोर्स पुशला घाबरायचं कारण नाही. रेपोतल्या 'डॉक्स'मध्ये गिटवर एक अख्खा विभाग आहे, त्यात हे नेमक्या कमांडसकट दिलंय. पुल रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नका. आधीची चर्चा मागे राहते आणि रिव्ह्यू करणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

सूचना पटली नाही तर तसं सांगा, पुराव्यासकट. पटली तर दुरुस्त करून "केलं" एवढं लिहिलं की पुरे. बदल नाकारला गेला तर कारण वाचा आणि पुढच्या पानाकडे वळा. समर ऑफ कोडवर डोळा असेल तर हेही ऐका: टायपोच्या दहा पुल रिक्वेस्टने तिथे कोणी भारावत नाही. एक-दोन केल्यात की प्रक्रिया हातात बसते. मग 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल लावलेल्या कामांकडे जा.

मर्ज झाल्यावर

गिटहब ब्रँच काढून टाकायचं बटण दाखवेल, काढून टाका. फोर्कच्या पानावर 'सिंक फोर्क' दाबून तुमची 'मेन' ब्रँच ताजी करून घ्या; पुढचा बदल नेहमी तिथून नवी ब्रँच काढून करा.

पानावर बदल लगेच दिसला नाही तर गोंधळू नका. 'डॉक्स'मधलं पान 'लेटेस्ट' आवृत्तीत थोड्या वेळात पुन्हा तयार होतं. 'स्टेबल'मध्ये मात्र जुनंच वाक्य पुढच्या रिलीजपर्यंत राहू शकतं, आणि तोवर ते वाचून आणखी एखादा नवखा तीच पुल रिक्वेस्ट पाठवायची शक्यता आहे. तशी ती आलीच, तर तिच्याखाली तुमच्या मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टची लिंक देऊन टाका; मेंटेनरचं तेवढंच काम वाचेल.